ग्रंथ तोच, शब्द मात्र बदलले

कावेरीच्या भातखाचरांतून पूर्वेकडे गेले, की समुद्रकाठी तरंगंबाडी हे गाव लागते. येथे डेन्मार्कची वखार होती. १७०६ मध्ये बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा तरुण जर्मन धर्मोपदेशक येथे उतरला. शाळेतल्या मुलांबरोबर बसून त्याने वाळूत तमिळ अक्षरे गिरवली आणि दोनच वर्षांत बायबलमधील 'नवा करार' मूळ ग्रीकवरून तमिळमध्ये आणण्यास घेतला. १७१४-१५ मध्ये तो तरंगंबाडीतच छापला गेला.

पण ईश्वराला तमिळमध्ये म्हणायचे काय? झीगेनबाल्गने 'सर्वेश्वरन' हा शब्द निवडला. पुढे फाब्रिसियसने 'परापरन' म्हटले. १८७१ च्या सुधारित भाषांतरात 'देवन' आला. ग्रंथ एकच, पण प्रत्येक पिढीच्या तोंडी निराळा शब्द!

तंजावरचा वाद

हा बदल सर्वांनाच मानवला नाही. १८२० नंतरच्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी भाषांतरात फेरफार सुरू केले, तेव्हा तंजावरचे ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री आणि त्यांचे सोबती यांनी तक्रार केली. त्यांच्या गाऱ्हाण्यांत जातिभेद पाळू न देण्याचेही गाऱ्हाणे होते, हे विसरून चालणार नाही. पण लहानपणापासून पाठ असलेले शब्द कोणी बदलले, तर मन दुखावणारच.

मूळ प्रत कोणती?

ज्या ग्रीक ग्रंथावरून ही भाषांतरे झाली, त्याचा तरी पाठ एकच होता का? नव्या करारात २७ पुस्तके आहेत. त्यांतील सर्वांत जुनी म्हणजे पौलाची पत्रे. ती साधारण इ. स. ५० ते ६० च्या सुमारास लिहिली गेली. मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ. स. ७० च्या आसपासचे मानतात. मूळ हस्तलिखित एकही उरलेले नाही. ग्रीक नकला मात्र पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत पाठभेद आहेत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला येशूने जमावापासून वाचवल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत ती नाही. ती नंतर त्यात आली, असे अभ्यासकांचे मत आहे.

मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अशुद्ध पाठ शिरले, तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यामुळे ज्ञानेश्वरीची थोरवी कमी झाली नाही, उलट ती आपल्यापर्यंत नीट पोहोचली.

तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी मिशनरी श्वार्त्झ यांच्या देखरेखीखाली शिकले. त्यांनी आपला धर्म सोडला नाही, पण गुरूच्या स्मरणार्थ तेथील चर्चमध्ये संगमरवरी शिल्प बसवले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनीच भरभराटीला आणले. दुसऱ्याचा ग्रंथ समजून घ्यायला धर्म बदलावा लागत नाही. आणि आपला ग्रंथ कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला, हे विचारल्याने श्रद्धा डळमळतेच असेही नाही. ती डोळस मात्र होते.