खाडा

हॉस्टेलवाल्यांना 'खाडा' हा शब्द भलताच प्रिय! गावाकडं चार दिवस जायचं, मेसवाल्याला आधी सांगायचं आणि तेवढे पैसे वाचवायचे. ऊसतोड कामगारांत मात्र हाच शब्द उलटा चालतो. तिथं खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर मुकादम दंडही लावतो. मग अंगात ताप असो नाहीतर आणखी काही.

मी माधवनगरचा. हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात येतात, शेताकडंला कोप्या पडतात. 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. दोघांच्या नावावर उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत थांबायची सोय नाही. कोपीला संडास नाही, पाणी लांबून आणायचं, पहाटे अंधारात तोडीला जायचं. पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी असतेच. मग अंगावर काढलेलं दुखणं वाढतं आणि कुणीतरी सल्ला देतं, 'पिशवीच काढून टाका, कटकट मिटंल.' २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहांत एक! त्यातल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. ऑपरेशन करणाऱ्यांचा दोष आहेच, पण दंडाची भीती नसती तर यातल्या किती जणी आधीच दवाखान्यात गेल्या असत्या?

आता आमच्या गावाकडं या. माधवनगर म्हटलं की यंत्रमाग. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. आठ तासांसाठी नव्वदची मर्यादा आपण शिकतो. फरक फक्त दहाचा वाटतो ना? पण डेसिबल लॉगमध्ये मोजतात, त्यामुळं ध्वनीची तीव्रता दहापट होते. आमच्या गल्लीतले मागावरचे काका फोनवर ओरडूनच बोलतात. पोरं हसतात, पण तो स्वभाव नव्हे, कान गेलेत. मजुरी कापडाच्या मीटरवर. रातपाळी करून सकाळी कान दाखवायला दवाखान्यात बसायचं म्हणजे झोप गेली, आणि झोप गेली की पुढच्या पाळीचे मीटर गेले.

कुणी म्हणेल, ही गरिबीच, यात नवीन काय सांगितलं? तर लंडनचं उदाहरण बघा. तिथल्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे पक्क्या नोकरीतले, डॉक्टर फुकट. उपाशी कुणीच नाही. तरी सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या शिपाई-दरवानांचं मृत्यूचं प्रमाण वरच्या साहेबांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. आणि मधे एकदम दरी नव्हती. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं जास्त. सिगारेट, ब्लडप्रेशर वगैरे हिशेबात धरूनही फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना एक धागा सापडला: आपल्या कामावर आपला ताबा किती. ज्याला कामाचा वेग, वेळ, सुट्टी यातलं काहीच ठरवता येत नाही, त्याला हृदयविकार जास्त. (साहेबाला टेन्शन जास्त, हे आपण नुसतंच धरून चाललेलो असतो!)

आजारी पडायची ऐपत ही पगाराएवढीच मोठी गोष्ट आहे, असं मला यावरून वाटतं. आणि ती कायद्यानं देता येते. १९४८ च्या कायद्यातून आलेल्या राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. अट साधारण अशी, की एका ठिकाणी किमान दहा कामगार हवेत. चार-सहा मागांची शेड तिथंच गळते. टोळी तर कारखान्याची नसतेच, ती मुकादमाची असते.

आपल्या मेसमध्ये भाजी चिरणारे, ताटं घासणारे मिळून दहाजण भरतात का, ते एकदा मोजून बघा.