गॅदरिंग मुलांच्या हातात होतं तेव्हा

यंदा आमच्या कॉलेजचं गॅदरिंग एका इव्हेंट कंपनीला देऊन टाकलं. नोटीस बोर्डावर चकचकीत पोस्टर लागलं: प्रवेशाला पास, बाहेरून येणारा डीजे, सेल्फी पॉइंट आणि 'डेज'च्या आठवड्यातला प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या नावानं. विद्यार्थ्याचं म्हणून एकही नाव त्यावर नाही. मी याच कॉलेजात शिकलो, आज इथंच शिकवतो. स्टाफ मीटिंगमध्ये विरोध केला तेव्हा उत्तर मिळालं, "सर, आता मुलांना कुठं वेळ असतो?" हे मला मान्य नाही. मुलांच्या हातातलं काम आपण काढून घेतलं आणि ते मी जवळून पाहिलंय.

स्नेहसंमेलन ही आपल्याकडची जुनी चाल. प्रमुख पाहुणे, बक्षीस समारंभ, तीन अंकी नाटक, अल्पोपाहार. त्या काळाबद्दल माझ्या आधीचे लोक पुष्कळ सांगतात, पण त्यात मुलांपेक्षा पाहुणेच जास्त असतात. मग 1975 मध्ये नव्या पद्धतीतली दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, अकरावी-बारावी कॉलेजांना जोडली गेली आणि सोळा वर्षांची मुलं आवारात आली. साडी डे, टाय डे, रोझ डे हे सगळं या मुलांनीच कॉलेजात रुजवलं, असं मला वाटत आलंय.

माझं दशक 1985 ते 1995 चं. कृष्णाकाठचं आमचं गाव, निम्मी मुलं एसटीच्या पासावर येणारी. पावसाळ्यात निवडणुका व्हायच्या. वर्गावर्गात सीआर म्हणजे वर्गप्रतिनिधी, मग जीएस म्हणजे सरचिटणीस, एलआर म्हणजे मुलींची प्रतिनिधी, सांस्कृतिक सचिव. निवडून आलेल्यांच्या गळ्यात गॅदरिंग पडायचं. वाळवा तालुक्यातल्या एका खेड्यातला, वडिलांबरोबर उसाच्या फडात राबणारा मुलगा आमच्या वेळी जीएस झाला. मंडपवाल्याशी घासाघीस करताना मी त्याला पाहिलंय. कनातीचा दर तो खाली आणायचा, पण स्पीकरच्या बाबतीत ऐकायचा नाही, कारण आदल्या वर्षी ऐन नाटकात आवाज गेला होता. गॅदरिंग संपल्यावर आठवड्याच्या आत त्यानं वहीच्या दुरेघी पानावर हिशेब लिहून नोटीस बोर्डावर लावला. मंडप, जनरेटर, रांगोळीचे रंग, बटाटेवडे, मेकअपवाल्याचा एसटी खर्च, सगळं त्यात होतं. खाली उरलेली रक्कम आणि खजिनदार सरांची सही. ते पान वाचायला गर्दी व्हायची, कारण ते पैसे प्रत्येकाच्या फीमधले होते.

'डेज'ना खर्च असा नसायचाच. साडी डेच्या आदल्या संध्याकाळी लेडीज होस्टेलात आयांच्या, वहिन्यांच्या, मावश्यांच्या साड्या गोळा व्हायच्या आणि सकाळी सेफ्टी पिनांचा तुटवडा पडायचा. टाय मोजकेच, एक टाय दोन तासांच्या मधल्या वेळेत तिघांच्या गळ्यातून फिरायचा. मिसमॅच डेला एका पायात एनसीसीचा बूट आणि दुसऱ्यात कोल्हापुरी घालून मुलं प्रॅक्टिकलला बसायची. त्या काळी वर्तमानपत्रांत पत्रं लिहून 'ही पाश्चात्त्य थेरं बंद करा' म्हणणारे काही प्राध्यापक होते. रोझ डेच्या दिवशी फाटकावर उभं राहून त्यांनी मुलींच्या हातातली फुलं काढून घेतली. त्याच माणसांना यंदा प्रायोजकाच्या हातून शाल-श्रीफळ घ्यायला काही वाटलं नाही, याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

फिशपाँडची, म्हणजे एकमेकांना मारलेल्या निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्यांची पेटी ग्रंथालयाच्या काउंटरवर असायची. बुटाचं खोकं, ब्राउन पेपर लावलेलं, वर फट. रात्री जागून समिती चिठ्ठ्या निवडायची, सरांची लाल पेन्सिल फिरायची आणि तरीही नको ते सुटायचंच. फिशपाँडची फार गोड आठवण काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. मुलींच्या रंगावर, मुलांच्या तोतरेपणावर त्यात जे वाचलं जायचं ते क्रूर होतं. एका वर्षी तशी चिठ्ठी वाचली गेली आणि ती मुलगी सभागृहातून उठून गेली. दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभाआधी जीएसनं माइक हातात घेऊन सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून निवड समितीत मुली बसल्या आणि ज्या चिठ्ठीवर त्या बोट ठेवतील ती फाडायची, असं ठरलं. हा नियम प्राचार्यांनी नाही केला, मुलांनी केला.

मग 1994 चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि मतपेटी गेली. त्याला कारण होतं. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता, ठिकठिकाणी गुंडगिरी शिरली होती. ती भीती खोटी नव्हती. पण उपाय असा निघाला की, आदल्या परीक्षेत चमकलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी. खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक विभाग यांतला एकेक आणि दोन मुली, या सगळ्यांची नेमणूक प्राचार्यांनी करायची. या गुणवंतांनी आपसांत सचिव निवडायचा. नव्या पद्धतीतली पहिली समिती माझ्याकडे आली ती वह्या उघडून बसली आणि म्हणाली, "सर, काय करायचं ते सांगा." गुणी मुलं होती, पण त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं, म्हणून कुणाला जाबही द्यायचा नव्हता. हिशेबाचं पान त्या वर्षी लागलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो. व्हॅलेंटाइनच्या विरोधाच्या काळात फेब्रुवारीत फाटकावर पोलीस बसू लागले. सेमिस्टर आली, परीक्षा वर्षातून दोनदा झाल्या. नाचाला कोरिओग्राफर आले, 'डेज' रीलसाठी होऊ लागले. 2016 च्या नव्या कायद्यानं थेट निवडणुकीची वाट उघडली, 2019 मध्ये वेळापत्रकही जाहीर झालं, पण ते पुढं ढकललं गेलं. आमच्या कॉलेजात मतपेटी अजून परतलेली नाही.

वेळेचंच म्हणाल तर माझी पुतणी न्यू जर्सीत हायस्कूलमध्ये शिकते. तिकडं शरद ऋतूत 'होमकमिंग'चा आठवडा असतो. माजी विद्यार्थी परत येतात, पायजमा डे, ट्विन डे होतात, शुक्रवारी फुटबॉलचा सामना. मिसुरी विद्यापीठ सांगतं की, या प्रथेचं मूळ त्यांच्या 1911 सालच्या सोहळ्यात आहे. होमकमिंगचे राजा-राणी विद्यार्थ्यांच्या मतांनी ठरतात. मिरवणुकीतला चित्ररथ प्रत्येक इयत्तेनं स्वतः बांधायचा. यंदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये त्यांनी तारेच्या जाळीत कागदाची फुलं खोचून तो बांधला आणि रंगावरून वर्गात भांडण झालं, हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मला हेवा वाटला. वेळ नसलेली मुलं तीही आहेतच.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील आणि फीच्या पावतीवर गॅदरिंगचा रकाना असेलच. प्राचार्यांना मी लेखी दिलंय: गॅदरिंग समिती वर्गावर्गातून मतदानानं निवडू द्या, मंडपवाल्याशी बोलणी मुलांनाच करू द्या, हिशेब चुकला तर चुकू द्या, पण तो नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. अजून उत्तर आलेलं नाही. आलं नाही तर पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा विचारीन.