एस. हुसैन झैदी : पोलीस डायरीपासून पडद्यापर्यंत

शोधपत्रकारिता, म्हणजे दडवलेली माहिती कागदपत्रे आणि साक्षींच्या आधारे उजेडात आणण्याचे काम, आणि सत्य गुन्हेकथन, म्हणजे घडलेल्या गुन्ह्याची कादंबरीसारखी वाचनीय पण पुराव्याला धरून केलेली मांडणी, यांची सांगड घालणाऱ्या मुंबईच्या पत्रकारांत एस. हुसैन झैदी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. 12 मार्च 1993 च्या, 257 बळी घेणाऱ्या मुंबईतील बॉम्बस्फोटांवरील त्यांचे ‘ब्लॅक फ्रायडे’ 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरील अनुराग कश्यप यांचा चित्रपट मात्र, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील खटल्याचा निकाल प्रलंबित असल्याने, 2007 पर्यंत रखडला.

‘डोंगरी टू दुबई’ (2012) मध्ये मुंबईच्या गुन्हेगारी टोळ्यांचा सहा दशकांचा इतिहास येतो. जेन बोर्जेस यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘माफिया क्वीन्स ऑफ मुंबई’ (2011) अधिक वादग्रस्त ठरले, कारण त्यातील गंगूबाईंवरील प्रकरणावरून ‘गंगूबाई काठियावाडी’ (2022) निघाला तेव्हा स्वतःला गंगूबाईंचा दत्तकपुत्र म्हणवणाऱ्या व्यक्तीने बदनामीचा दावा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शन रोखण्यास नकार दिला. मृत व्यक्तीचे चरित्र ऐकीव माहितीवर कितपत उभे राहावे, हा प्रश्न येथे खराच टोचतो.

मराठवाड्यातील वाचकाला मुंबईच्या टोळ्या दूरच्या वाटतील. परंतु सत्य गुन्हेकथन त्याच्या जवळचेही आहे : मराठवाड्यातीलच मानवत हत्याकांडाची हकीकत पत्रकाराने नव्हे, तर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी स्वतःच्या पुस्तकात लिहिली, आणि 2024 ची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका त्यावरच बेतलेली आहे.