समोर भिंत की झाड?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत. अगदी तशाच बाकीच्या खोल्यांसमोर विटांची भिंत होती. संशोधक रॉजर उलरिच यांनी तिथल्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या, वय, वजन, धूम्रपान अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या रुग्णांच्या त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतीसमोरचे ८.७० दिवसांत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ साली 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. ४६ माणसांवरून नियम ठरत नाही हे खरं, पण रुग्णालयात आपण आठवडाभर असतो आणि घरात आयुष्य काढतो.

त्या घरांची गत काय? गॅलरी केव्हाच खोलीत घेतलेली. ग्रिलमध्ये जुन्या बॅगा, मिक्सरचा रिकामा खोका, वाळत घातलेले टॉवेल. भरदुपारी ट्यूबलाइट चालू. डोळा सरावतो, म्हणून काळोख जाणवत नाही. पण ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो आणि खोलीत आतल्या बाजूला जेमतेम शे-दोनशे.

शरीराला हा फरक बरोबर कळतो. दृष्टिपटलात मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्या स्वतः प्रकाश टिपतात, हे २००२ मध्ये सिद्ध झालं. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. दिवस आहे की रात्र, याची खबर त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. सकाळचा भरपूर उजेड हे घड्याळ वेळेवर लावतो. रात्रीच्या प्रखर दिव्यांनी मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दबतं आणि झोप लांबते. दिवसा अंधूक, रात्री लख्ख अशा घरात घड्याळाचा गोंधळ उडतो, आणि झोप बिघडली की चिडचिड आलीच.

म्हणून सजावटीआधी खिडकी मोकळी करावी, असं मला कळकळीनं वाटतं. सकाळचा चहा तिच्यापाशी प्यावा; जेवणं आटोपली की मोठे दिवे मालवून एखादा पिवळा, मंद दिवा ठेवावा. मात्र जिची खिडकीच डक्टमध्ये उघडते, ती गृहिणी काय मोकळं करणार? तिथे दोष घर बांधणाऱ्याचा आणि तसं बांधू देणाऱ्या नियमांचा आहे. पुनर्विकासाच्या सभेत कार्पेट एरियावरून तासन्‌तास वाद होतात. त्याच सभेत आराखड्यातल्या प्रत्येक खिडकीवर बोट ठेवून विचारा: हिच्यासमोर किती फुटांवर काय येणार आहे?