शिक्षेपेक्षा जिव्हारी लागलेला शब्द

वकील अशिलाला वाचवायला उभा राहतो आणि ज्यूरीला सांगतो, खुनाचा बेत आखण्याइतकी अक्कलच या पोराला नाही. याला विजेच्या खुर्चीत बसवणं म्हणजे डुकराला बसवणं. बारा गोरे पंच तरीही देहदंडच देतात. अर्नेस्ट गेन्स यांच्या ‘अ लेसन बिफोर डाइंग’ (१९९३) या कादंबरीची ही सुरुवात. काळ १९४०च्या दशकाचा उत्तरार्ध, जागा अमेरिकेतल्या लुइझियानाचा ऊसपट्टा. दारूच्या दुकानात गोळीबार होऊन तिघे मेले. सोबत गेलेला कृष्णवर्णीय जेफर्सन तेवढा जिवंत उरला आणि अडकला.

कोर्टकथा म्हटली की आपण नव्या साक्षीदाराची वाट पाहतो. इथे तो येत नाही. जेफर्सनला वाढवणाऱ्या मिस एमाला शिक्षेपेक्षा ते ‘डुक्कर’ जिव्हारी लागलंय. तिचं मागणं एकच: मळ्यावरच्या शाळेतल्या ग्रँट मास्तरनं तुरुंगात जाऊन पोराला शिकवावं, खुर्चीपर्यंत त्यानं माणसासारखं चालत जावं.

मास्तरला हे झेंगट नकोच असतं. परवानगीसाठी गेल्यावर मळेवाल्याच्या स्वयंपाकघरात त्याला दोन तासांवर ताटकळत ठेवतात. शेरीफसमोर शुद्ध बोलावं की अडाण्याचं सोंग घ्यावं, याचाही हिशेब त्याला करावा लागतो. मला कादंबरीचं मर्म या स्वयंपाकघरात दिसतं; कोठडीबाहेरचा मास्तर तरी कुठे सुटलाय?

दोघांची मैत्री जुळते ती उपदेशानं नव्हे, एका लहानशा रेडिओनं. मग येते वही. विरामचिन्हं, कॅपिटल अक्षरं काही न पाळता जेफर्सन तीत लिहितो. देवनागरीत कॅपिटल नाहीतच. मराठी अनुवादकाला ऱ्हस्व-दीर्घ मोडूनच ते दाखवावं लागेल.

हे सगळं हवेतून आलेलं नाही. त्या काळी लुइझियानात विजेची खुर्ची ट्रकमधून गावोगाव फिरे. ३ मे १९४६ रोजी विली फ्रान्सिस या कृष्णवर्णीय मुलाला तीत बसवलं, पण तो मेला नाही. पुन्हा बसवावं का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. ५ विरुद्ध ४ मतांनी सरकार जिंकलं. ९ मे १९४७ रोजी खुर्चीनं काम केलं.

गेन्स स्वतः अशाच मळ्यावर १९३३ मध्ये जन्मले. नाव झाल्यावर त्यांनी तिथेच जमीन घेऊन घर बांधलं आणि लहानपणी ज्या चर्चमध्ये त्यांची शाळा भरे, ते उचलून घरामागे आणून ठेवलं.