गेमिंगसाठी डेस्कटॉप प्लॅटफॉर्मची तुलना

डेस्कटॉप संगणकाचा प्लॅटफॉर्म म्हणजे प्रोसेसर, तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड आणि त्यास चालणारी रॅम यांचा परस्परावलंबी संच होय. यांतील एक घटक निवडला की उरलेल्या दोहोंचे पर्याय मर्यादित होतात. म्हणून गेमिंगसाठी तुलना केवळ प्रोसेसरची न करता संपूर्ण संचाची करावी लागते.

प्रमुख प्लॅटफॉर्म

एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये एएम४ सॉकेटवर आले. त्यास डीडीआर४ रॅम लागते. २०२२ मधील एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या एलजीए १७०० (२०२१) या सॉकेटवर बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात व मदरबोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ वापरता येते. एलजीए १८५१ (२०२४) हा सॉकेट फक्त डीडीआर५ साठी आहे.

कामगिरी

खेळातील प्रत्येक फ्रेमची आकडेमोड प्रोसेसर करतो आणि तिचे चित्र ग्राफिक्स कार्ड रेखाटते. दोहोंपैकी जो संथ, त्यावर फ्रेमची गती ठरते. १९२०×१०८० पिक्सेलच्या पडद्यावर प्रोसेसरमधील फरक जाणवू शकतो; ३८४०×२१६० मध्ये पिक्सेल चौपट असल्याने भार मुख्यतः कार्डावर येतो आणि तो फरक बराच मावळतो. रायझन ७ ५८००एक्स३डी (२०२२) व ७८००एक्स३डी (२०२३) यांत ९६ मेगाबाइट एल३ कॅश आहे. त्यामुळे रॅमकडे वारंवार जाण्याचा वेळ वाचतो व अनेक खेळांना लाभ होतो.

मूल्य

प्लॅटफॉर्मचे आयुष्य हा मूल्याचा महत्त्वाचा निकष आहे. २०१७ चे अनेक एएम४ मदरबोर्ड बायोस अद्ययावत केल्यावर ५८००एक्स३डी स्वीकारतात. म्हणजे मदरबोर्ड व रॅम न बदलता संगणक नवा होतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळल्याने कंपनीने २०२४ मध्ये त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुना प्रोसेसर घेताना हे ध्यानात घ्यावे लागते. तसेच ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० हून अधिक चित्रे दाखवू शकत नाही. तेथे महागड्या प्रोसेसरवरील खर्च बव्हंशी वाया जातो.

मुंबईतील बाजारपेठ

ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड, अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. येथे प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम यांची एकत्रित किंमत विचारून तुलना करता येते. मर्यादित अंदाजपत्रकात प्लॅटफॉर्मवर बेताचा खर्च करून उरलेली रक्कम ग्राफिक्स कार्डासाठी राखणे बहुतेक खेळांकरिता अधिक लाभदायक ठरते.