छतावरील सौर संच व बंद पडलेले दुकान

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुडच्या परिसरात उन्हाची वाण नाही. केंद्र शासनाने २०२४ साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. उरलेली रक्कम घरमालक पदरची घालतो किंवा बँकेचे कर्ज काढतो. पुढे इन्व्हर्टर बिघडावा आणि संच बसविणाऱ्याच्या दुकानास कुलूप दिसावे, म्हणजे पैसा बुडाला असे वाटून तो हताश होतो. तथापि दाद मागण्याचे मार्ग तेथे संपत नाहीत.

प्रथम दुकान कोणाचे होते ते पाहावे. एकट्याच्या मालकीचे असल्यास कुलूप लावल्याने मालकाची जबाबदारी टळत नाही. भागीदारीत सर्व भागीदार बांधील असतात. मर्यादित कंपनी दिवाळखोरीत निघाली असल्यास २०१६ च्या संहितेप्रमाणे जाहीर सूचनेतील मुदतीत दावा नोंदवावा. मात्र तारण असलेल्या धनकोंचा हक्क आधी येत असल्याने तेथे सामान्य ग्राहकाच्या हाती थोडेच पडते.

यास्तव इतर मार्गही चोखाळावेत. सौर तावदाने व इन्व्हर्टर यांची हमी कारखानदाराने दिलेली असते; दुकान बुडाले तरी ती कायम राहते. छताची गळती किंवा सदोष जोडणी मात्र तिच्यात येत नाही. सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल बसविणाऱ्यावर बंधनकारक असून त्याची बँक हमी वीज वितरण कंपनीकडे असते. म्हणून महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी.

एवढ्याने काम न झाल्यास लातूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तक्रारदारास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत चुकवू नये. प्राथमिक सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे.

दुकान बंद पडले म्हणून बँकेचा हप्ता थांबवू नये. थकबाकीचा बोजा घरमालकावरच चढतो.

या सर्व मार्गांवर कागदच साक्ष देतात. पावती, करारनामा, हमीपत्रे व प्रत्येक यंत्राचा क्रमांक संच बसताच एका पिशवीत ठेवावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवीन संच पाहावयास गेल्यावर छताआधी ही पिशवी पाहावी.